मांजर शिसवी खुर्च्या आणि सोफा ओरबाडतंय, गणेश चवथीच्या आधी काय करता येईल?

अंत्रुजची_लेक (फोंडा)

नमस्कार मंडळी. आमचं घर प्रियोळला, जुनं कौलारू, आणि सालात (दिवाणखान्यात) आजेसासऱ्यांच्या वेळच्या शिसवी खुर्च्या आहेत, बैठक आणि पाठ वेतानं विणलेली. त्यांच्या बाजूला नवीन सोफा, जाड विणीच्या तागासारख्या कापडाचा. गेल्या पावसाळ्यात एक मांजरीचं पिल्लू बाल्कांवात (दारापुढच्या ओट्यावर) येऊन बसलं ते घरचंच झालं, नाव चिंगी, आता चांगली मोठी झालीय, ऑपरेशन पण करून घेतलंय. स्वभावानं एकदम गोड, पण सकाळी झोपून उठली की सरळ सोफ्याच्या दाराकडच्या हाताशी जाते, मागच्या पायांवर उभी राहून अंग ताणते आणि खर्र खर्र सुरू. तिथलं कापड सुटून आतला फोम दिसायला लागलाय. तेवढंच असतं तर सोफ्याला कव्हर घातलं असतं, पण आता ती खुर्च्यांच्या पाठीच्या वेतावर पण चढायला लागलीय आणि एका खुर्चीचे दोन-तीन धागे तुटलेत.

पाऊस धो धो असल्यामुळे ती दिवसभर घरातच. ओरडून बघितलं, पाणी शिंपडून बघितलं, तेवढ्यापुरती पळते आणि रात्री आम्ही झोपलो की परत चालू. ऑनलाईन एक स्क्रॅचिंग पोस्ट, म्हणजे मांजरानं ओरबाडायचा खांब, मागवला, गुडघ्याएवढा, मागच्या खोलीत ठेवलाय, त्याच्याकडे ती बघतसुद्धा नाही. सासूबाईंनी खुर्च्यांखाली डांबराच्या गोळ्या ठेवल्यात, शेजारच्या काकी म्हणतात निलगिरीचं तेल चोळ. आणि मुंबईचे एक नातेवाईक म्हणाले की नखं कायमची काढायचं ऑपरेशन असतं ते करून टाका. मला ते ऐकूनच कसंतरी झालं, पण नक्की काय असतं ते कोणी सांगेल का?

चवथीला सगळं कुटुंब गावच्या घरी जमतं, त्याआधी खुर्च्यांना पॉलिश पण करून घ्यायचंय. चिंगीला कुठे सोडून यायचा सल्ला कृपया देऊ नका, ते होणार नाही.

म्हापशेकर

पोस्ट मागच्या खोलीतून काढा आणि सोफ्याच्या त्याच हाताला चिकटवून ठेवा, आजच. आमच्याकडे एवढ्यावरच अर्धं काम झालं. मांजर जिथे झोपतं आणि जिथून लोक येतात-जातात तिथेच ते ओरबाडतं, कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन कशाला ओरबाडेल.

डिचोलीचा_गुरांचा_डॉक्टर

बाय, आधी त्या डांबराच्या गोळ्या काढ. बाकीचं नंतर वाच.

नॅफ्थलीन मांजराला फार वाईट. गोळी चाटली, चावली, किंवा पंजाला लागलेलं चाटून पोटात गेलं तर उलट्या होतात, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, यकृतावर परिणाम होतो. नुसता वाससुद्धा बंद खोलीत चांगला नाही. निलगिरीचं पण तेच, आणि टी ट्री, लिंबा-संत्र्याचं काढलेलं तेल, फरशीचं फिनाईल, या सगळ्यांचं तेच. मांजराच्या यकृतात असले पदार्थ निकामी करून बाहेर टाकायची एक महत्त्वाची यंत्रणा जवळपास नसते, माणसात आणि कुत्र्यात ती असते, म्हणून जे आपल्याला औषधी वाटतं ते मांजराला विष होऊ शकतं. आणि मांजर दिवसभर स्वतःला चाटत असतं, तेव्हा खुर्चीला लावलेलं तेल शेवटी त्याच्या पोटातच जाणार. घरात मांजर असेल तर फरशी पुसल्यावर ती पूर्ण सुकेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवायचं.

आता त्या ऑपरेशनचं. लोकांना वाटतं की नखं काढतात म्हणजे आपण कापतो तशी मुळापासून कापतात. तसं नाही. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातूनच उगवतं, त्यामुळे नख कायमचं काढायचं म्हणजे ते हाडच सांध्यातून कापून काढायचं, प्रत्येक बोटाचं. नंतर चालताना भार वेगळ्या ठिकाणी पडतो, दुखणं राहू शकतं, आणि पंजा दुखतो म्हणून काही मांजरं वाळूच्या ट्रेमध्ये जायचं टाळतात आणि नख नाही म्हणून चावायला लागतात. म्हणजे सोफा वाचला आणि गादीवर मुतायला लागलं. इस्रायलनं २०११ मध्ये यावर बंदी घातली, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यानं २०१९ मध्ये घातली, युरोपात बहुतेक ठिकाणी हे करत नाहीत. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये जनावराचा अवयव तोडून त्याला विद्रूप करणं गुन्हा आहे. फर्निचरसाठी हे करायला माझी नोकरी असताना लोक विचारत यायचे आणि मी कधीच केलं नाही.

ती ओरबाडते का ते पण समजून घे, म्हणजे पुढचं सोपं जाईल. नखाचं वरचं जुनं आवरण कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटत असतं, ते काढून टाकायला तिला काहीतरी खरखरीत लागतं. सोफ्याखाली झाडताना नखाच्या आकाराची पोकळ टरफलं मिळतील बघ, घाबरू नकोस, ती तीच. दुसरं म्हणजे झोपून उठल्यावर पाठ, खांदे आणि पुढचे पाय ताणायला तिला न हलणारी उंच वस्तू हवी असते. तिसरं, पंज्यात गंधग्रंथी असतात, ओरबाडताना तिचा वास तिथे लागतो, आणि वास लागलेल्या जागेवर ती परत परत येते. तिला राग आलाय किंवा ती मुद्दाम करते असं काही नाही. म्हणून ओरडून किंवा पाणी मारून ती एवढंच शिकते की तू समोर असताना करायचं नाही, गरज तर तशीच राहते.

नखं तू घरीच कापू शकतेस. ती झोपेत असताना एकेक पंजा हातात घे, बोट वरून-खालून हलकं दाब, नख बाहेर येतं. आत गुलाबी शीर दिसते ती सोडून फक्त पुढचा वाकडा पारदर्शक शेंडा कापायचा. काळी नखं असतील तर नुसता आकडा कापायचा, जास्त नाही. एका वेळी दोन बोटं झाली तरी चालतं, लगेच थोडं सुकटीचं किंवा तिला आवडेल ते खायला द्यायचं. दोन-तीन आठवड्यांनी परत. चुकून रक्त आलं तर कापसानं दाबून धर, वर चिमूटभर कॉर्नफ्लॉर. मागच्या पायांची फार गरज पडत नाही, फर्निचर फाडतात ती पुढचीच.

अंत्रुजची_लेक (फोंडा)

डॉक्टर, देव बरें करूं. गोळ्या काढल्या, सासूबाईंनीच काढल्या, त्यांना हे माहीत नव्हतं आणि चिंगी त्यांच्याच पायाशी झोपते. पोस्ट सोफ्याकडे आणला, तिनं वास घेतला, एकदा पंजा मारला, पोस्ट हलला आणि ती निघून गेली. तो हलका आहे खूप.

शिसवी_सागवान (मडगाव)

हलला म्हणूनच गेली ताई. एकदा हललेल्या पोस्टवर मांजर सहसा परत भरवसा ठेवत नाही. मी फर्निचर रिपेअरचं काम करतो, मांजरवाल्या घरातलं काम भरपूर येतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

विकत मिळणारे बहुतेक पोस्ट पिल्लांच्या मापाचे असतात. मोठी मांजर मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणली गेली पाहिजे, म्हणजे उंची निदान ३ फूट हवी, आणि खाली दीड फूट बाय दीड फूट जाड प्लायचा पाट. घरीच बनवा, स्वस्तात होतो. ४ इंच जाडीचा ३ फुटी गोल ओंडका घेतला आणि ८ मिलिमीटरचा सुंभ घट्ट, मध्ये फट न ठेवता गुंडाळला तर जवळजवळ ४० मीटर सुंभ लागतो, कमी आणू नका, मध्येच जोड दिला की तिथून सुटतो. परदेशी व्हिडिओत सिसालची दोरी दाखवतात, ती आपल्या दुकानात मिळेलच असं नाही आणि महाग पडते. काथ्याचा सुंभ आपल्याकडे मुबलक, आणि दमट हवेत टिकतो. पावसाळ्यात गोव्यात पुठ्ठ्याचे स्क्रॅचर मऊ पडून बुरशी धरतात, कापड लावलेले पोस्ट कुबट वास मारतात. काथ्याचे बारीक तंतू खाली गळतात, ते रोज झाडायचे, मांजर ते गिळत नाही ना एवढं बघायचं. दोरीची टोकं खाली आणि वर यू खिळ्यानं ठोका, डोकं आत बसलं पाहिजे, नाहीतर नख अडकतं.

आता खुर्च्यांचं. चवथीच्या आधी पॉलिश करू नका. जुन्या शिसवीला लाखेचं पॉलिश असतं, लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ पातळ हात मारायचे. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि पावसाळी हवेतली ओल त्याच्यावर धरते, पॉलिश पांढुरकं पडतं. मग ते सगळं काढून परत करायला लागतं. पाऊस गेल्यावर, हवा कोरडी झाल्यावर करा. चवथीला खुर्च्या स्वच्छ कोरड्या फडक्यानं पुसल्या तरी शिसव छान दिसतं. पॉलिश करताना आणि वास जाईपर्यंत मांजर त्या खोलीत नको.

तुटलेल्या वेताला रफू होत नाही. भोकाभोकातून ओवून विणलेली बैठक असेल तर ती पूर्ण नव्यानं विणावी लागते, आणि ते काम चांगलं करणारे हात आता कमी राहिलेत, त्यामुळे बाकीच्या खुर्च्या आत्ताच सांभाळा. मशीनवर विणलेली वेताची शीट मिळते पण ती खाचेत बसवायची असते, भोकं पाडलेल्या जुन्या चौकटीला ती लावायला गेलं तर चौकट खराब होते. असं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. धागे तुटलेत ती खुर्ची वापरात ठेवू नका, वजन पडलं की बाजूचे पण जातात.

पर्वरीची_फ्लॅटवाली

सोफ्याबद्दल मी सांगते. ताई तुमचं कापडच असं आहे की मांजराला ते स्क्रॅचिंग पोस्ट वाटणारच, जाड सैल वीण, नख अडकतं, ओढल्यावर धागा तुटतो, आवाज येतो, तिला अजून काय पाहिजे. आमच्याकडे दोन मांजरं आहेत आणि नवीन सोफा घेताना मी दुकानात प्रत्येक कापडावर नख ओढून बघितलं. मखमलीसारखं आखूड लव असलेलं घट्ट कापड किंवा मायक्रोफायबर घेतलं तर नख अडकत नाही आणि मांजर कंटाळून सोडून देतं. रेक्झिन नका घेऊ, चढता-उतरताना भोकं पडतात आणि आपल्या दमट हवेत नंतर तिथूनच पापुद्रे निघत जातात.

आत्ता लगेच करायचं असेल तर टेबलावर घालतो ते पारदर्शक प्लास्टिक, जाडवालं, मीटरवर मिळतं बाजारात, ते सोफ्याच्या दोन्ही हातांवर घट्ट ताणून मागच्या बाजूनं पिना मारा. दिसायला थोडं वेगळं दिसतं पण गुळगुळीत असल्यामुळे तिला पकड मिळत नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप पण चालते, मांजराला पंजाला चिकटलेलं आवडत नाही, फक्त लाकडावर आणि वेतावर ती टेप लावू नका, पॉलिश उचलून येतं. पण हे सगळं पोस्ट बाजूला ठेवल्यावरच. नुसता सोफा झाकला आणि दुसरं काही दिलं नाही तर ती खुर्च्यांकडे जाणार, आणि तुमच्या खुर्च्या तर सोफ्यापेक्षा मोलाच्या.

वेताच्या खुर्च्यांवर आमच्या आईकडे पाठीला सुती कापडाची खोळ चढवतात, खालून नाड्या बांधायच्या. घट्ट बांधा, सैल लोंबती राहिली तर ती त्याच्याशीच खेळत बसेल. आणि अधूनमधून काढून वाऱ्याला ठेवा, झाकलेला वेत पावसात बुरशी धरतो.

केपेकर

एवढं सगळं करण्यापेक्षा मांजराला बाहेर सोडा ना, गावात झाडं थोडी आहेत का, पेरू-आंब्याच्या बुंध्यावर ओरबाडेल.

पर्वरीची_फ्लॅटवाली

दादा बाहेर जाणारी मांजरं पण घरात ओरबाडतात, कारण घर पण त्यांचीच जागा. आणि बाहेर गाड्या आहेत, मोकाट कुत्रे आहेत, पावसात सगळीकडे जनावरं (साप) निघतात. आमचा आधीचा बोका रस्त्यावरच गेला, त्यामुळे मी तरी हे कोणाला सुचवणार नाही.

केपेकर

ते बरोबर आहे. वाईट वाटलं वाचून. आमच्याकडे आजूबाजूला रस्ता नाही म्हणून तसं लिहिलं. एक उपयोगाची गोष्ट सांगतो, पावसात घराच्या मागे, कुंपणाच्या कडेला खोकली नावाचं तण उगवतं, काही जण कुप्पी म्हणतात. पानांना करवती कडा, देठाच्या बगलेतून बारीक हिरवा तुरा येतो. त्याचं मूळ मांजरांना फार आवडतं, उपटलं की कुठून कुठून येतात आणि त्याच्यावर लोळतात. मूळ धुऊन, ठेचून पोस्टवरच्या सुंभाला चोळायचं. आमची आजी मांजराला गोठ्यातल्या जागेवर राहायची सवय लावायला तेच करायची.

डिचोलीचा_गुरांचा_डॉक्टर

खोकली बरोबर आहे. परदेशात कॅटनिप वापरतात त्याच जातीचा परिणाम होतो. सगळ्या मांजरांवर होत नाही, पण झाला तर पोस्टची ओळख पटकन होते. फक्त चोळून मूळ फेकून द्यायचं, तिला खायला ठेवायचं नाही, त्या झाडात विषारी अंश आहे. झाड ओळखता येत नसेल तर उगाच दुसरं तण घासू नका.

आणि तिचे पंजे धरून पोस्टवर घासायला जाऊ नका, बरेच जण करतात, मांजराला ते अजिबात आवडत नाही. दोरीचं टोक किंवा पिसं पोस्टच्या वरच्या बाजूला हलवा, ती उडी मारून नखं रुतवेल, त्याच क्षणी खाऊ द्या. ती नियमानं तिथे जायला लागली की मग पोस्ट हवं तर रोज वीतभर सरकवत भिंतीकडे न्या. एकदम उचलून दुसरीकडे नेला तर परत सोफा.

अंत्रुजची_लेक (फोंडा)

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. सोफ्याच्या हातांना प्लास्टिक लावलं, खुर्च्यांना खोळी शिवायला घेतल्या, तुटलेली खुर्ची माडीवर ठेवली. पॉलिश दिवाळीच्या सुमारास करायचं ठरलं, घरच्यांना ओल धरण्याचं कारण सांगितल्यावर लगेच पटलं. पोस्टसाठी विचारायचं होतं, दोन वर्षांपूर्वी कौलं उतरवून वासे बदलले तेव्हाचे माडाचे जुने वासे मागे पडलेत, जड आहेत, त्यातला तुकडा चालेल का?

शिसवी_सागवान (मडगाव)

वासा चौकोनी असला तरी चालेल, कडा रंध्यानं मारून घ्या म्हणजे दोरी कापणार नाही. पण त्याला वाळवीसाठी काय लावलं होतं ते आधी विचारा. जुन्या घरात वाशांना काजूच्या टरफलाचं तेल किंवा डांबर लावायची पद्धत होती. काजूचं तेल कातडीला पोळतं, डांबर पण मांजराला घातक.

अंत्रुजची_लेक (फोंडा)

सासूबाई म्हणतात काजूचंच तेल लावलं होतं, दर काही वर्षांनी. मग नको.

शिसवी_सागवान (मडगाव)

नकोच. मग असं करा, ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप घ्या, सांडपाण्याच्या लाईनला वापरतात तो, ३ फूट कापून घ्या. खालचं टोक टोपीनं बंद करून पाटावर स्क्रूनं पक्कं बसवा, आत कोरडी वाळू भरा, १२ किलोच्या आसपास बसते, आणि वरची टोपी चिकटवून टाका. बांधकामाची धुतलेली वाळू घ्या, समुद्राची नको, मिठानं ओल धरते आणि स्क्रू गंजतात. पाईप गुळगुळीत असतो म्हणून आधी जाड सँडपेपरनं घासून खरखरीत करायचा, नाहीतर सुंभ खाली सरकतो. पाईप ओंडक्यापेक्षा थोडा जाड, त्यामुळे सुंभ ४५ मीटर धरा. चिकटवलेलं दोन दिवस वाऱ्याला ठेवून वास गेला की मगच आत आणा. दोन्ही हातांनी ढकलून बघा, जरा जरी डुगडुगला तर पाट मोठा करा.

अंत्रुजची_लेक (फोंडा)

हे जमेल, नवऱ्याला वाचून दाखवलं, पाईपचा तुकडा तर घरातच पडलाय. फक्त फोंड्यात बघितला तो सुंभ फार जाड होता, विहिरीच्या राजूसारखा (दोरखंडासारखा).

म्हापशेकर

जाड नको, गुंडाळताना फटी राहतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी दर आठवड्याला जातो, बारीक सुंभाची गुंडाळी तिथे मिळते. घेण्याआधी हातानं चोळून बघा, तेलाचा किंवा रॉकेलचा वास येत असेल तर ती सोडून दुसरी घ्या. आणि पूर्ण गुंडाळी एकदमच घ्या, वर्षभरात सोफ्याकडच्या बाजूचा सुंभ झिजतो तेव्हा तेवढाच भाग परत गुंडाळायला उरलेला लागतो. झिजला म्हणून पूर्ण पोस्ट मात्र फेकू नका, तिचा वास त्याच्यात मुरलेला असतो, नवा कोरा आणला तर परत पहिल्यापासून सवय लावायला लागते.